सॉफ्टवेअरच्या मुलाखती आणि उमेदवारांचे हाल: तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_बाणेर

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात जावा बॅकएंडवर काम करते, आठेक वर्षं झाली. यंदा नोकरी बदलायचं ठरवलं आणि बऱ्याच कंपन्यांच्या मुलाखती दिल्या. ऑफर स्वीकारून झाली आहे, त्यामुळे हा धागा चिडून काढलेला नाही. पण या काळात जे पाहिलं ते मनातून जात नाहीये. माझ्या टीममधली दोन मुलं आता याच वाटेवर आहेत, त्यांना तरी आधी कल्पना असावी.

सुरुवात सगळीकडे सारखीच. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट केलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. पहिले तीन प्रश्न ठरलेले: सध्याचा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. नव्वद दिवस म्हटलं की अर्धे फोन तिथेच संपतात. पुढे गेलात तर ऑनलाइन टेस्ट. कॅमेरा चालू, स्क्रीन शेअर, टॅब बदलला तर नोंद होते. मग डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमची कोडी), मग सिस्टिम डिझाइन, मग मॅनेजर, मग त्यांचा मॅनेजर, मग एचआर. प्रत्येक राऊंड वेगळ्या आठवड्यात, बहुतेक वेळा ऑफिसच्या वेळेत. चालू नोकरी सांभाळून हे करायचं म्हणजे कधी अर्धा दिवस रजा, कधी मीटिंग रूम शोधून दार लावून घेणं. घरी मूल लहान असेल तर त्याची वेगळी कसरत.

कष्टांबद्दल तक्रार नाही. नोकरी हवी तर तयारी करायलाच हवी. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे.

एक, निकाल न कळवणं. एका कंपनीत पाचही राऊंड झाले. शेवटच्या फेरीत मॅनेजरने टीमची ओळख करून दिली, पहिल्या तिमाहीत काय काम असेल तेही सांगितलं. एचआरने सॅलरी स्लिपा मागवल्या, मी त्याच रात्री पाठवल्या. त्यानंतर शांतता. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका दिसतात. दोन ओळींचा नकार आला असता तरी मी पुढच्या तयारीला लागले असते. त्याऐवजी दुसरीकडच्या एचआरला "थोडा वेळ द्या" म्हणत बसले. नकाराचं दुःख दोन दिवसांत ओसरतं. पण ताटकळत ठेवलं की पुढचा एकही निर्णय घेता येत नाही, आणि घरच्यांना रोज तेच उत्तर द्यावं लागतं.

दोन, मुलाखतीत विचारतात त्याचा रोजच्या कामाशी संबंध नसणं. एका मुलाखतकाराचा कॅमेरा बंद. "ट्रॅपिंग रेन वॉटर" हे डीएसएचं नेहमीचं कोडं पेस्ट केलं आणि गप्प. मी मोठ्याने विचार करत होते, तिकडून कीबोर्डचा आवाज येत होता. मला वाटलं नोट्स घेतायत. पण मी थांबले तरी टाइपिंग चालूच. साहेब दुसरंच काम करत होते. पस्तीस मिनिटांनी "ओके, एनी क्वेश्चन्स?"

आता एका चांगल्या मुलाखतीबद्दल सांगते, कारण हे नीट करता येतं हे मी पाहिलं आहे. खराडीतली मध्यम आकाराची कंपनी. मुलाखतकार बाईंनी स्क्रीनवर एक लॉग उघडला आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडे खरंच झालं होतं. ॲप अडकतंय, रिक्वेस्ट टाइमआउट होतायत, पण सीपीयू निवांत आणि डेटाबेसवरही लोड नाही. तू ऑन-कॉल आहेस. आधी काय बघशील?" मी थ्रेड डंप मागितला, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतोय त्याची नोंद. त्यांनी खरोखरच तयार ठेवलेला डंप दाखवला. जवळपास सगळे थ्रेड डेटाबेस कनेक्शनची वाट बघत उभे. लॉगमधले एक्सेप्शन बरोबर तीस सेकंदांनी येत होते, म्हणजे कनेक्शन पूलचा (उघडून ठेवलेल्या, सगळ्यांनी वाटून वापरायच्या डेटाबेस कनेक्शनांचा साठा) डीफॉल्ट टाइमआउट. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे थ्रेड डीफॉल्ट २००, हिकारी या पूलची कनेक्शनं डीफॉल्ट १०. मग ती दहा कनेक्शनं कोण अडवून बसलंय? कोड पाहिला तर ट्रान्झॅक्शन उघडल्यावर आतूनच बाहेरच्या एका सर्व्हिसला एचटीटीपी कॉल. ती सर्व्हिस मंदावली की कनेक्शन हातात धरून सगळे थांबलेले. मी म्हटलं, कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढू आणि त्याला टाइमआउट लावू. त्यांनी लगेच विचारलं, "पूल शंभरचा केला तर?" त्यावर आमची दहा मिनिटं चर्चा झाली. मला काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही त्यांना तासाभरात कळलं असणार. तिथली ऑफर पगारात बसली नाही, पण ती मुलाखत लक्षात राहिली.

तुमचे अनुभव लिहा. मुलाखत घेणाऱ्यांनीही लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत, म्हणजे धागा टिकेल.

सह्यकडा

धागा काढल्याबद्दल आभार. पाचही राऊंडनंतरच्या शांततेला +१००.

माझा अनुभव टेक-होम असाइनमेंटचा. एका स्टार्टअपने शुक्रवारी संध्याकाळी काम दिलं, सोमवारी सकाळपर्यंत हवं. बुकिंगचं पूर्ण मॉड्यूल: लॉगिन, स्लॉट, पेमेंटचा बनावट फ्लो, टेस्ट केसेस, डॉकर, वर कुठेतरी डिप्लॉय करून लिंक. "चारेक तासांचं काम आहे" असं मेलमध्ये लिहिलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याने स्वतः कधी करून पाहिलं नसणार. शनिवार-रविवार पूर्ण गेला. भाचीचं बारसं होतं नाशिकला, गेलो नाही.

रिपो (गिटहबवरची कोडची जागा) प्रायव्हेट ठेवून त्यांनी दिलेल्या गिटहब आयडीला आमंत्रण पाठवलं. आठवड्याने मेल आला, "वी हॅव डिसायडेड टू मूव्ह फॉरवर्ड विथ अदर कँडिडेट्स." बरं, निदान कळवलं तरी. पण सहज रिपो उघडला तर आमंत्रण तसंच पडलेलं. सात दिवसांत कुणी स्वीकारलं नाही म्हणून ते एक्स्पायर झालं होतं. म्हणजे माझा कोड कुणी उघडूनही पाहिला नव्हता.

तेव्हापासून नियम केलाय. असाइनमेंट आली की विचारतो: कोण तपासणार, कशावर गुण, आणि त्यानंतर त्याच कोडवर बोलायला अर्धा तास मिळणार का. उत्तर टाळलं तर मीही नम्रपणे नाही म्हणतो. आतापर्यंत ज्यांनी नीट उत्तर दिलं त्यांनी पुढेही नीट वागवलं.

लातूरकर_अमोल

मृण्मयीताई, लिहिलंय छान, पण डीएसएबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो.

मी लातूरच्या एका खाजगी कॉलेजातून मेकॅनिकल केलं. आमच्याकडे कॅम्पसला कुणी येत नव्हतं. रेझ्युमे पाठवला की कॉलेजचं नाव बघूनच बाजूला पडायचा. बारावीला ५८ टक्के, त्यामुळे "दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे ६०" ही अट जिथे असते तिथे अर्जच होत नव्हता. त्या दोन टक्क्यांचा कोडिंगशी काय संबंध, आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही.

मला आत जायचं दार उघडलं ते एका कोडिंग स्पर्धेमुळे. स्पर्धेत नाव-गाव-कॉलेज कुणी बघत नाही, तुमचा प्रोग्रॅम सगळ्या टेस्ट केस पास करतो की नाही तेवढंच. रॅंक बरी आली, मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथेही ग्राफचे प्रश्न होते, ते मी सोडवू शकलो कारण वर्षभर रोज तेच करत होतो. लॅपटॉप मित्राचा होता. रात्री दहानंतर तो झोपला की माझा.

आता समजा त्या मुलाखतीत मला कनेक्शन पूल विचारला असता. मी प्रॉडक्शनचा लॉग जन्मात पाहिला नव्हता. "कामासारखी मुलाखत" हवी हे अनुभवी माणसाला पटतं, पण ज्याला अजून काम मिळालेलंच नाही त्याने कामाचा अनुभव आणायचा कुठून? डीएसए कितीही कोरडं असलं तरी पुस्तक आणि इंटरनेट असलेला कुठलाही पोरगा ते शिकू शकतो. ते काढून टाकलं तर कंपन्या पुन्हा कॉलेजच्या नावावर येतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

मृण्मयी_बाणेर

अमोल, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो मोलाचा आहे. फ्रेशरसाठी डीएसए असावं, मान्य. माझं म्हणणं आठ-दहा वर्षं काम केलेल्यांबद्दल आहे. त्यांच्या कामाबद्दल विचारायला इतकं काही असताना तेच कोडं तिथेही का?

अवनी_के

ताई, कोडं सोडवता न येणं आणि कुणी बघत असताना न येणं यात फरक आहे, यावर अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. ४८ विद्यार्थी घेतले. काहींना मुलाखतीसारखं, समोर माणूस बसवून, फळ्यावर बोलत बोलत प्रश्न सोडवायला लावला. बाकीच्यांना तोच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली. त्यातल्या मुलींचं वाचून मी थांबलेच: माणसासमोर सोडवणारी एकही मुलगी पास झाली नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. नमुना लहान आहे, त्यामुळे यावर मोठा इमला उभारायला नको. पण मी स्वतः ते अनुभवलंय. घरी वीस मिनिटांत सुटणारा प्रश्न तिथे "कॅन यू थिंक अलाऊड" म्हटलं की हातातून निसटतो.

माझा दुसरा मुद्दा गॅपचा. मुलीसाठी मी तीन वर्षं घरी होते. परत यायचं ठरवल्यावर प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न गॅप का. सांगितलं की दुसरा, "मुलीला कोण सांभाळतं?" एका ठिकाणी तर सरळ विचारलं की दुसऱ्याचा विचार आहे का. विचारणारी बाईच होती. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, चांगलं झालं, पण त्या रजेचा हिशोब मुलाखतीच्या टेबलावर असा मांडला जातो. माझ्या नवऱ्याने त्याच वर्षी नोकरी बदलली. त्याच घरात, तीच मुलगी. त्याला कुणी विचारलं नाही.

शेवटी जिथे लागले तिथल्या टेक लीडने रेझ्युमेतली तीन वर्षं ओलांडून विचारलं, "सुरुवात कुठल्या स्प्रिंग व्हर्जनवर केली होती आणि परत आल्यावर काय बदललेलं दिसलं?" किती साधा प्रश्न! मी अर्धा तास बोलत होते.

दत्ता_कोथरूड

मी गेली बारा-तेरा वर्षं मुलाखती घेतोय, म्हणून धागाकर्तीच्या आमंत्रणावरून लिहितो. समर्थन म्हणून वाचू नका, आत काय चालतं ते सांगतो.

निकाल न कळण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे. कसं ते पाहा. एका जागेसाठी दोन उमेदवार आवडले. पहिल्याला ऑफर दिली. त्याने स्वीकारली, पण तो येणार तीन महिन्यांनी. या तीन महिन्यांत तो ऑफर घेऊन आणखी चार ठिकाणी जातो, जास्त मिळालं की तिकडे. जॉइनिंगच्या दिवशी सकाळी फोन बंद. हे इतक्यांदा झालंय की एचआर दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवतच नाही. पहिला आला नाही तर हाताशी कुणीतरी हवा. म्हणजे तुमचा निकाल लागलेला असतो, फक्त तो दुसऱ्याच्या जॉइनिंगवर अडकलेला असतो. आणि दुसऱ्याला असं ताटकळत ठेवलं की तोही पुढच्या वेळी दोन ऑफर खिशात ठेवून फिरतो. कंपन्यांनी उमेदवारांना हे शिकवलं आणि उमेदवारांनी कंपन्यांना. "तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, अमुक तारखेपर्यंत कळवतो" असं सांगायला काहीच हरकत नाही. मी माझ्या उमेदवारांना स्वतः फोन करून सांगतो. अजून एकाही माणसाने वाईट वाटून घेतलेलं नाही.

दुसरं कारण, जागाच गोठते. मुलाखती चालू असताना वरून आदेश येतो, भरती थांबवा. रिक्रुटरलाही बाहेर बोलायची परवानगी नसते. कधी रिक्रुटरच नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याचे उमेदवार कुणाच्या यादीत नसतात.

राऊंडच्या संख्येबद्दल मात्र समर्थन नाहीच. गूगलने स्वतःच्याच भरतीची आकडेवारी तपासून चार मुलाखती पुरेशा आहेत असं ठरवलं, पाचवीपासून पुढे निर्णयात फारशी भर पडत नाही म्हणून. त्यांच्या एचआरचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये हेही जाहीर सांगितलं होतं की विमानात किती गोल्फ बॉल मावतील छापाची कोडी विचारून काहीही कळत नाही. आपल्याकडे लोकांनी त्यांची कोडी उचलली, त्यांनी सोडून दिली ते कुणी पाहिलं नाही.

आता आमची अडचण. ऑनलाइन मुलाखतीत फसवणूक खूप वाढली आहे. टेस्ट एकाने दिलेली, मुलाखतीला दुसरा. हल्ली प्रश्न विचारला की पाच-सात सेकंद "हम्म", डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि मग निबंधासारखं उत्तर येतं. यामुळे प्रामाणिक मुलांवरही संशय घेतला जातो, खोली फिरवून दाखव, हात वर ठेव असले प्रकार होतात. ते अपमानास्पद आहे. मी वेगळं करतो: त्याने लिहिलेल्या कोडमध्येच एक बदल सांगतो. "आता हेच दोन सर्व्हरवर चालवायचंय, काय मोडेल?" स्वतः लिहिलं असेल त्याला मजा येते. नसेल त्याचं पाच मिनिटांत कळतं, कॅमेरा फिरवावा लागत नाही.

सह्यकडा

दत्ताकाका, दुसऱ्या क्रमांकाचं कोडं आज उलगडलं. मला एका ठिकाणाहून अडीच महिन्यांनी "स्टिल लुकिंग फॉर चेंज?" असा फोन आला होता, जणू काल बोललो होतो.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहितोय. इथे येऊन सहा वर्षं झाली, दोनदा नोकरी बदलली.

इथे मुलाखतीला प्रत्यक्ष बोलावलं तर येण्याजाण्याचा खर्च कंपनीने द्यायचा हा कायद्याचाच संकेत आहे, आधी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं नसेल तर. मला म्युनिकला बोलावलं तेव्हा रेल्वेचं तिकीट मेलवर पाठवलं आणि पैसे खात्यात आले. निवड झाली नव्हती तरी. पुण्यात असताना मी बंगळूरला स्वखर्चाने रात्रीच्या बसने जायचो, त्या मानाने हे मला फार मोठं वाटलं होतं.

नकारही बहुतेक वेळा कळवतात. पण कारण सांगत नाहीत. भेदभावविरोधी कायदा २००६ पासून आहे, कारण लेखी दिलं तर उद्या कोर्टात दाखवतील म्हणून सगळे एकच गुळगुळीत मजकूर पाठवतात. त्यामुळे काय सुधारायचं ते इथेही समजत नाही. नोटीस पिरियड इथेही तीन महिन्यांचा सर्रास असतो बरं का. तरी लोक शब्द पाळतात, करारावर सही झाली की दुसरीकडे जात नाहीत, आणि कंपन्याही तीन महिने निवांत थांबतात. दत्ताकाकांनी मांडलेलं चक्र फक्त नव्वद दिवसांमुळे आहे असं म्हणूनच मला वाटत नाही.

सोलापूर_बीई

नमस्कार. मी गेली बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. गेल्या वर्षी बीई कॉम्प्युटर झालं. अजून नोकरी नाही.

वॉक-इनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, शनिवारी हिंजवडीत ड्राइव्ह, ०-१ वर्ष. आम्ही तिघे रात्रीच्या एसटीने निघतो, पहाटे स्वारगेटला उतरतो, तिथेच तोंड धुऊन पीएमपीने हिंजवडी. आठ वाजता पोचलो तरी गेटबाहेर रांग रस्त्यापर्यंत. रेझ्युमेच्या तीन झेरॉक्स, आधार, सगळ्या मार्कलिस्ट. सिक्युरिटी टोकन देतात. दुपारी एक जण येऊन सांगतो, २०२४ बॅचवाल्यांनी थांबू नका, फक्त २०२५. मेसेजमध्ये तसं काही नव्हतं. ऊन, पाणी नाही, बसायला जागा नाही. तिथे आलेल्या काही मुली नगर, बीडहून आलेल्या होत्या. त्यांचे वडील बाहेर झाडाखाली थांबलेले.

एकदा आत गेलो होतो. ॲप्टिट्यूड झाली, टेक्निकलला बसलो. सरांनी इंग्लिशमध्ये विचारलं की प्रोजेक्ट समजावून सांग. मला सगळं माहीत होतं, कोड मीच लिहिला होता, पण वाक्यं जुळेनात. त्यांनी थोडा वेळ थांबून मराठीत विचारलं, "कुठला रे तू? मराठीत सांग, मला समजतंय." मग मी एमक्यूटीटी (सेन्सरचा डेटा पाठवायचा प्रोटोकॉल), सेन्सर, डेटाबेसचं टेबल कसं बनवलं, सगळं सांगितलं. त्यांनी टेबलात चुकीचा इंडेक्स होता तो दाखवला, का चुकीचा तेही सांगितलं. सिलेक्शन झालं नाही, क्लायंटशी बोलायचं काम होतं म्हणाले. पण समोरच सांगितलं, आणि म्हणाले तुझं टेक्निकल चांगलं आहे, बोलायची सवय कर. तेव्हापासून रूममेटसोबत रोज अर्धा तास इंग्लिशमध्येच बोलतो.

आता मुद्दा. एका लहान कंपनीची ऑफर आली आहे. ३ लाख पॅकेज, दोन वर्षांचा बॉण्ड, मोडला तर दीड लाख, आणि मूळ मार्कलिस्ट व डिग्री त्यांच्याकडे जमा करायची. ट्रेनिंगचे म्हणून आधी २५ हजार भरायचे, ते पगारातून परत देतील म्हणतात. घरचे म्हणतात घे. काय करू? कृपया सांगा.

नाशिकची_वकीलमैत्रीण

सोलापूर_बीई, पैसे भरू नका. नोकरी देणारा पैसे मागत नाही. कारण ट्रेनिंग असो, लॅपटॉपचं डिपॉझिट असो की "व्हेरिफिकेशन फी". पुढचं सगळं बोलणं यानंतर.

मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. तपासायला दाखवा, त्यांच्यासमोर बसा, परत घेऊन या. झेरॉक्सवर "केवळ अमुक कंपनीच्या पडताळणीसाठी" असं लिहून तारीख टाका. उद्या दुसरी नोकरी लागली आणि डिग्री यांच्या कपाटात असली तर तुमचे हात बांधले जातात, आणि त्यांना तेच हवं असतं.

बॉण्डबद्दल मात्र एक सांगते. "बॉण्ड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर" असं सीनियर सांगतात, त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवेची अट आणि ती मोडल्यास २ लाख रुपये ही तरतूद वैध ठरवली आहे. ती सरकारी बँक होती, तिचा भरतीचा खर्च वगैरे बाबी न्यायालयाने पाहिल्या. प्रत्येक लहान कंपनीचा प्रत्येक बॉण्ड त्याने आपोआप वैध होत नाही. पण सही केलेल्या कागदाला किंमत असते, एवढं धरून चाला. सही करण्याआधी पूर्ण मजकूर घरी आणून वाचा. तो घरी न्यायला देत नसतील तर तेवढंच कारण नाही म्हणायला पुरेसं आहे.

लातूरकर_अमोल

भाऊ, २५ हजार भरू नकोस. मी पण याच्यातून गेलोय, माझ्या वर्गातल्या दोघांनी भरले होते, ट्रेनिंग म्हणून यूट्यूबचे व्हिडिओ दाखवले आणि ऑफिस बंद झालं. घरच्यांना फोनवर समजावायचं असेल तर मी बोलतो.

दत्ता_कोथरूड

सहमत. आणि आकड्यांचं निघालंच आहे तर सीटीसीबद्दल लिहितो, कारण अनुभवी लोकही इथे फसतात. एक नमुना घेऊ, १८ लाखांची ऑफर. बेसिक ४० टक्के म्हणजे ७,२०,०००. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, ८६,४००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ३४,६३२. ही सर्वसाधारणपणे पाच वर्षं राहिलात तरच हातात येणार, पण आकड्यात आजच धरलेली. व्हेरिएबल १,८०,०००, तो कंपनीची कामगिरी बघून. विम्याचा हप्ता १५,०००. जॉइनिंग बोनस १,००,०००, वर्षाआत सोडलं तर परत. हे सगळं वजा केलं की वर्षाला १३,८३,९६८ उरतात, म्हणजे महिना सुमारे १,१५,३०० रुपये. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७,२०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की साधारण १ लाख ८ हजार, तेही टीडीएसच्या आधी. एचआर फोनवर "अठरा" म्हणते तेव्हा डोक्यात दीड लाख महिना येतो. ऑफरला हो म्हणण्याआधी ब्रेकअप लेखी मागा आणि "फिक्स्ड किती" एवढंच विचारा.

अवनी_के

हे प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. सध्याचा पगार सांगण्याबद्दलही लिहा ना. कॅलिफोर्नियात २०१८ पासून कंपनीने उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच बंदी आहे. आपल्याकडे त्याच्यावर तीस टक्के लावून ऑफर बनते. त्यामुळे ज्याची सुरुवात साडेतीन लाखांवर झाली तो दहा वर्षांनीही मागेच राहतो, काम कितीही चांगलं असो. गॅपनंतर परतलेल्या बायकांचं तर विचारूच नका, तीन वर्षांपूर्वीच्या स्लिपवर तीस टक्के!

मृण्मयी_बाणेर

अवनी, त्यावर वेगळा धागा काढूया, इथे हरवून जाईल. मी एकच केलं: सध्याचा आकडा विचारला की "या जागेचं बजेट काय आहे?" असं आधी विचारलं. काहींनी चटकन सांगितलं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांना माझा आकडा द्यावा लागला, कारण पुढे पडताळणीत स्लिपा बघतातच आणि खोटं बोलायचं नव्हतं.

नेकारकाठ, दत्ताकाकांच्या चक्रावरची तुमची शंका मला पटते. पण तिथे शब्द पाळणं दोन्ही बाजूंनी आहे. इथे सुरुवात कंपन्यांनी करायला हवी असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याकडे माणसं आहेत, सॉफ्टवेअर आहे, एका बटणावर शंभर मेल जातात. नोकरी शोधणाऱ्याकडे त्यातलं काहीच नसतं. आमच्या टीममध्ये पुढच्या महिन्यापासून मी मुलाखत पॅनेलवर आहे. मॅनेजरला विचारून ठेवलंय की ज्या उमेदवाराशी मी बोलले त्याचा निकाल मी स्वतः कळवणार, कारणासकट. एचआरची परवानगी अजून आलेली नाही, पाठपुरावा चालू आहे.

सोलापूर_बीई, काय ठरलं?

सोलापूर_बीई

ताई, कंपनीला फोन करून सांगितलं की पैसे आणि मूळ कागदपत्रं देणार नाही. ते म्हणाले मग ऑफर नाही. अमोलदादा बाबांशी बोलले, बाबा आता काही म्हणत नाहीत. सगळ्यांचे आभार.

दत्ता_कोथरूड

बरं केलंस. ऐक, शनिवार-रविवारी मला वेळ असतो. तुझी सराव-मुलाखत घेतो, व्हिडिओवर, इंग्लिशमध्ये, पाऊण तास. नंतर पंधरा मिनिटं मराठीत, काय बरं झालं आणि काय नाही ते सांगेन. तुझा तो सेन्सरचा प्रोजेक्टच घेऊ. रेझ्युमे खाजगी निरोपात पाठव.

सोलापूर_बीई

पाठवला सर. रविवारी सकाळी नऊनंतर कधीही चालेल. माझ्यासोबत अजून दोघं आहेत, त्यांनी नुसतं बसून ऐकलं तर चालेल का?

दत्ता_कोथरूड

चालेल. पण तिघांनीही रेझ्युमे पाठवा, नुसतं ऐकायला कशाला, एकेकाला पाऊण तास देतो. पहिला दहाला.

लातूरकर_अमोल

दत्ताकाका, डीएसएचा भाग मी घेऊ का? संध्याकाळी मोकळा असतो.